गळू दे, गिळू दे

टिपूस हे काही त्याचं खरं नाव नव्हे. खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं पुकारलं जायचं, आणि तेव्हाही तो आधी मागे वळून बघायचा, दुसऱ्याच कुणाला बोलावतायत म्हणून. गावाबाहेरच्या त्या मैदानाला विमानतळ म्हणताना जीभ जरा अडखळायचीच. एक धावपट्टी, पत्र्याचं एक हँगर, चहा मिळेल अशी एक खोली आणि उडायला शिकणाऱ्यांसाठी ठेवलेली मोजकी जुनी विमानं, बस. टिपूस तिथला मेकॅनिक. कुठल्याही विमानाचं इंजिन सुरू व्हायच्या आधी हा बाबा त्याच्या नाकाखाली गुडघे टेकून बसणार आणि तिथून बाहेर आलेल्या बोटाएवढ्या नळीच्या तोंडाकडे टक लावून बघणार. नळीतून पेट्रोलचा टिपूस पडला, पाठोपाठ आणखी काही पडले आणि मग पडायचे थांबले, की हा उठणार. तोवर आत कोण बसलंय आणि त्याला किती घाई आहे, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. नाव पडायला एवढं पुरे होतं.

आता टिपूस पडण्यात एवढं बघण्यासारखं काय, असं कुणीही विचारेल, तर ते आधीच सांगून टाकलेलं बरं. गार पडलेलं इंजिन आपणहून पेट घेत नाही. त्याला आधी कच्चं पेट्रोल पाजावं लागतं. वैमानिकासमोर एक दट्ट्या असतो, प्रायमर म्हणतात त्याला. तो ओढायचा, दाबायचा, की पेट्रोलची पिचकारी थेट इंजिनाच्या घशात. कमी पाजलं तर इंजिन रुसतं. जास्त पाजलं तर जास्तीचं पेट्रोल खाली उतरून हवेच्या पेटीत साचतं, आणि ते निघून जावं म्हणून पेटीच्या तळाला ही नळी ठेवलेली असते. घराला मोरी असते ना, तसंच. मोरी तुंबली की घरात पाणी, नळी तुंबली की पेटीत पेट्रोल. पाण्याचं एक वेळ ठीक आहे, पुसून काढता येतं. पण सुरू होताना इंजिन कधीकधी उलटं खोकतं, आणि त्या खोकल्यासरशी जाळाची एक जीभ हवा आत यायच्या वाटेनंच बाहेर येते. त्या वाटेवर पेट्रोल साचलेलं असलं, तर पुढचं सांगायला नको.

म्हणून टिपूसनं नोकरीला लागल्या लागल्या दोन वाक्यं करून टाकली होती. आधी गळू दे. पेटलंच तर गिळू दे. पहिल्याचा अर्थ वर आलाच. दुसऱ्याचा अर्थ असा की जाळ दिसला तरी स्टार्टरवरचं बोट काढायचं नाही. इंजिन फिरत राहिलं की ते हवा ओढतं, हवेबरोबर जाळही ओढून घेतं, आणि आग जिथं असायला हवी तिथं जाऊन बसते. बोट काढलं की जाळ बाहेरच राहतो आणि मिळेल ते खात सुटतो. ऐकायला सोपं आहे, पण आग बघून ज्याचा हात मागे येत नाही असा माणूस विरळा. म्हणून टिपूस ही दोन वाक्यं प्रत्येकाकडून घोकून घ्यायचा. हँगरच्या दारावर त्यानं ती लाल रंगात लिहिलीसुद्धा होती, अक्षर एकदम गिचमिड. दाजींना, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याला, घरी अहोजाहो करणारा हा माणूस विमानासमोर मात्र ठणकावून ‘दे’ म्हणायचा. दाजी चिडवायचे, तर म्हणायचा, “तुम्हाला कुठं म्हणतोय, इंजिनाला म्हणतोय.”

मैदानावर त्या शब्दांची पार वाट लागली होती म्हणा. चहा सांडला की कुणीतरी म्हणणार, गळू दे. कुणी पावाचा मोठा तुकडा तोंडात कोंबला की चारी बाजूंनी, गिळू दे. आणि ताई, म्हणजे टिपूसची थोरली बहीण, संध्याकाळी ताटं मांडली की हात कमरेवर ठेवून म्हणायची, “इंजिनाचं गिळून झालं असेल, तर आता तुम्ही दोघं गिळा. गार होतंय.”

दोघं म्हणजे टिपूस आणि दाजी. दाजी तिथले शिकवणारे वैमानिक, उंच, सावकाश बोलणारे, हसले की आधी डोळे मिटणारे. आई गेल्यावर ताईनंच टिपूसला वाढवलं होतं. धाकट्याला नोकरी लागल्याशिवाय मी लग्न करायची नाही, असं ती सगळ्यांना सांगून बसली होती, आणि धाकट्यानं नोकरी लागल्यावर पहिलं काम काय केलं, तर ज्यांच्या विमानाखाली दिवसभर बसायचा त्यांनाच चहाला घरी घेऊन आला. चहा झाला, दुसरा झाला, पाहुणा काही उठेना. टिपूस पुढं आयुष्यभर टेंभा मिरवायचा की माझ्या हातून एवढं एकच काम पहिल्या झटक्यात सुरू झालं. ताई-दाजींना मूलबाळ झालं नाही. टिपूसनं स्वतः लग्न केलं नाही. त्याची खोली समोरच्याच इमारतीत होती, पण रोजचं जेवण ताईकडे. ताई त्याला धाकट्या म्हणायची, आणि केस पिकले तरी तो धाकट्याच राहिला.

दाजींच्या कानांचं पहिल्यांदा ताईच्या लक्षात आलं. वर्षानुवर्षं इंजिनाच्या आवाजात बसलेला माणूस, कान कधीतरी जाणारच होते. आधी बारीक आवाज गेले. किटलीची शिट्टी, दाराची घंटा, खिडकीशी येणारी पाखरं. मग शब्दांतली बारीक अक्षरं जायला लागली. ताई म्हणायची, “अहो, दिवा लावा जरा,” आणि दाजी उठून कपाटातून खोकल्याची बाटली आणून द्यायचे. त्यांना दवा ऐकू आलेलं असायचं. पहिल्यांदा तिघंही पोट धरून हसले. नंतर नंतर ताईचं हसणं कमी झालं. ती भांडी विसळता विसळता काही बोलली की मागून यायचं, “काही म्हणालीस?” रोज. दिवसातून कितीदा तरी. शेवटी तिनं सवयच बदलली. बोलायचं असलं की नळ बंद करायचा, हात पुसायचे, वळायचं, त्यांच्याकडे तोंड करायचं आणि मग बोलायचं. ओठ दिसले की दाजींना सगळं कळायचं. पाठ फिरवून त्यांच्याशी बोलायचं नाही हे तिनं टिपूसलाही शिकवलं, दोनदा तीनदा रागावून.

मैदानावर दरवर्षी वैमानिकांची तपासणी व्हायची. डॉक्टर खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहून हळू आवाजात शब्द म्हणायचे आणि समोरच्यानं ते परत म्हणायचे. दाजी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघून सगळे शब्द बिनचूक म्हणायचे. डॉक्टर खूश, दाजी खूश. टिपूसला मात्र त्या दिवशी जेवण जायचं नाही.

“ताई, हे बरोबर नाही,” तो एकदा जिन्यात म्हणाला. दाजी वर होते.

“मला कळत नाही का?” ताई म्हणाली. “पण मैदानावरून काढलं तर हे घरात बसून बसून संपतील. तू बघितलंयस ना, पाय मोडला होता तेव्हा काय दशा झाली होती? भिंतीकडे तोंड करून पडायचे. मला नाही बघवणार ते.”

“बरोबर शिकाऊ पोरं असतात त्यांच्या.”

“ते मी बंद करायला लावते. पोरांना घेऊन नाही जायचं. दुरुस्त झालेलं विमान तपासायला एक फेरी मारायची, तेवढंच. एकट्यानं.” मग तिनं कठड्यावर हात ठेवला. “धाकट्या, तुझा आवाज त्यांना येतो. बाकी कुणाचा येवो न येवो. तू खाली आहेस म्हणून मी त्यांना सोडते. नाहीतर सोडलं नसतं.”

“मी आहे ना,” टिपूस म्हणाला.

हे तीन शब्द माणूस किती सहज बोलून जातो. टिपूसही सहजच बोलला होता, आणि ते पाळायचं त्याच्या मनात अगदी खरोखर होतं. दाजींनी वय झाल्याचं कारण सांगून शिकवणं सोडलं. टिपूसनं एक पद्धत बसवली. दाजींचं विमान सुरू करायचं असलं की तो नाकाखाली बसायचा, टिपूस पडून थांबेपर्यंत बघायचा, मग बाहेर येऊन डाव्या बाजूला, दाजींना खिडकीतून दिसेल असा उभा राहायचा. तो तिथं दिसला म्हणजे सगळं ठीक. ओरडायची गरजच नाही. तरीही सवयीनं तो ओरडायचा, आणि दाजी सवयीनं हात वर करायचे. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि तिघांनाही वाटायला लागलं होतं की आता असंच चालणार.

त्या सकाळी थंडी होती आणि धावपट्टीवर धुकं रेंगाळत होतं. विमान दोन माणसांचं, कापडी अंगाचं, दार एकच आणि तेही उजवीकडे. रंगकामासाठी ते गरमीचे सगळे दिवस हँगरच्या कोपऱ्यात पडून राहिलं होतं. आता रंग चकचकीत झाला होता आणि दाजींना एक फेरी मारून ते तपासायचं होतं. मैदानावर दोघंच. तिसरा पहारेकरी, पण तो लांब फाटकापाशी शेकत बसलेला.

दाजींनी दट्ट्या ओढला, दाबला. स्टार्टर फिरवला. इंजिन नुसतंच घरघरलं. दाजींनी पुन्हा पेट्रोल पाजलं. पुन्हा घरघर. आणखी एकदा पाजलं. गारठ्यात असं होतं, त्यात काही नवल नाही. टिपूस नळीकडे बघत बसला होता. नळी कोरडी. खालची फरशीसुद्धा कोरडी. इतकं पाजल्यावर एव्हाना थेंबांची रांग लागायला हवी होती, आणि इथं टिपूस नाही. त्याला लगेच कळलं. त्यानं खिशातली आखूड तार काढून नळीत घातली, ती वळणापाशी जाऊन टेकली. वर काहीतरी बसलं होतं. लांब तार हँगरमध्ये खिळ्याला टांगलेली होती.

टिपूस नाकाखालून बाहेर आला आणि हँगरकडे निघाला. निघता निघता म्हणाला, “थांबा दाजी, नळी तुंबलीय.” मोठ्यानं म्हणाला. पण चालता चालता म्हणाला, पाठ फिरवून. इतकी वर्षं जे त्यानं कधी केलं नव्हतं ते त्या एका क्षणी केलं, कारण डोक्यात तार होती. दाजींना दिसलं ते एवढंच, की टिपूस नाकाखालून उठून डावीकडे बाहेर आला. म्हणजे सगळं ठीक. त्यांनी स्टार्टर दाबला.

पंखा फिरला, इंजिन खोकलं, आणि नाकाखाली भप्पकन आवाज होऊन जाळ निघाला. टिपूस वळला. दाजींचं बोट अजून स्टार्टरवर होतं, पंखा फिरत होता, आणि जाळ आत ओढला जायला लागला होता. टिपूसच्या डोळ्यांदेखत जाळाची जीभ आखडत होती. फक्त फिरवत राहायचं होतं, आणखी थोडं, एवढंच. तो पोटातून ओरडला, “गिळू दे, गिळू दे!”

मध्ये धूर होता. धुरात ओठ दिसत नाहीत. खिडकीतून दाजींनी त्याच्याकडे बघितलं, कळलं म्हणून नेहमीसारखा हात वर केला, आणि स्टार्टरवरचं बोट काढलं. पंखा थांबला. दाजी दोन्ही हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसून राहिले, टिपूस पडून व्हायची वाट बघत रोज बसायचे तसे.

त्या कापडाला पेटायला किती वेळ लागणार. टिपूस धावता धावता ओरडत होता, आग विझवायची नळकांडी त्यानं रिकामी केली, ती पुरली नाही. दार जाळाच्या बाजूला होतं. त्यानं हात घालून दार उघडलं, दाजींना ओढून बाहेर काढलं, स्वतःचे हात कोपरापर्यंत भाजले ते त्याला नंतर कळलं. पहारेकरी पोचला तेव्हा दोघं गवतावर पडले होते आणि दाजी विचारत होते, “काय झालं रे, काय झालं?”

दाजी त्यानंतर थोडेच दिवस होते. दवाखान्यातली ती खोली पांढरी आणि फार शांत होती. ताई खाटेशेजारी बसून कापसानं त्यांचे ओठ ओले करायची. टिपूस हातांना पट्ट्या बांधून भिंतीशी उभा राहायचा. बस म्हटलं तरी बसायचा नाही. एका दुपारी दाजींना जरा बरं वाटत होतं. त्यांनी मानेनंच त्याला जवळ बोलावलं.

“टिपूस, एक सांग.”

“बोला दाजी.”

“तू गळू दे म्हणालास. मी लगेच बोट काढलं. बरोबर ऐकलं ना मी?”

परीक्षा देऊन बाहेर आलेल्या मुलासारखं त्यांचं तोंड झालं होतं. टिपूसनं ताईकडे बघितलं. ताई नवऱ्याकडे बघत होती. खरं सांगायला एकच वाक्य लागलं असतं. पण ते वाक्य कुणाला सांगायचं? तुमच्या कानांनी तुमचा घात केला, हे या माणसाला? ते कान जिनं इतकी वर्षं झाकून ठेवले, तिच्यादेखत? आणि जो स्वतः पाठ फिरवून बोलला होता, त्यानं? टिपूस खाटेजवळ वाकला, दाजींना आपले ओठ नीट दिसतील असा, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाला, “हो दाजी. गळू देच म्हणालो मी. तुम्ही बरोबर ऐकलंत.”

दाजींनी डोळे मिटले. ते हसत होते. “बघ,” ते ताईला म्हणाले, “मी याचं ऐकलं.”

ताईचा कापसाचा हात तिथल्या तिथं थांबला. दुसऱ्या दिवशी पहाटे दाजी गेले.

पुढं चौकशी झाली. दोन अधिकारी आले होते, भले होते दोघंही, हळू बोलत होते. त्यांनी नळी कापून बघितली. वळणाच्या वर वाळलेल्या मातीचा एक गोळा निघाला, आतून पोकळ. कुंभारीण माशीनं विमान पडून असताना तिथं आपलं घर केलं होतं. तिला बिचारीला काय माहीत ती कशाची नळी आहे ते. मग त्यांनी टिपूसला विचारलं की जाळ दिसल्यावर तुम्ही काय ओरडलात. पहारेकऱ्याला आरडाओरडा ऐकू आला होता, शब्द नाही. म्हणजे आता जगात ते सांगणारा एकटा टिपूस होता.

“गळू दे म्हणालो,” तो म्हणाला. “गिळू दे म्हणायचं होतं.”

अधिकारी एकमेकांकडे बघत राहिले. त्यांतल्या वयानं मोठ्या माणसानं विचारलं, “नक्की?”

“नक्की.”

टिपूसचं लायसन्स गेलं. मैदानावर दोन्ही शब्द बंद झाले. आता तिथं ‘थांब’ आणि ‘फिरव’ म्हणतात, आणि या दोहोंत कुणाची चूक व्हायची नाही हे खरं आहे. हे आधीच कुणाला सुचलं नाही, कारण यमक जुळलं की माणसाला सगळं जुळल्यासारखं वाटतं. शेवटच्या दिवशी टिपूसनं हँगरच्या दारावरची ती लाल अक्षरं स्वतःच पांढरा रंग मारून पुसली. रंगाच्या एका हातानं ती झाकली गेली नाहीत, म्हणून वाळल्यावर दुसरा हात दिला.

ताईनं त्याला एकदाच विचारलं. घरातली भेटायला आलेली माणसं निघून गेली होती, खुर्च्या अजून तशाच गोल मांडलेल्या होत्या.

“तू खरंच गळू दे म्हणालास?”

“हो.”

“पेटलेलं समोर दिसत होतं, आणि गळू दे म्हणालास.”

“तोंडातून निघून गेलं, ताई.”

“जगाला शिकवलंस ते. भिंती रंगवल्यास. आणि यांच्या वेळेला नेमकं तोंडातून निघून गेलं.”

टिपूसला रडायचं होतं, पण खोटं बोलून रडायची त्याला लाज वाटली. ताई उठली, तिनं दार उघडलं आणि दाराला धरून उभी राहिली. “जा तू आता,” ती म्हणाली. “मी बोलावीन तेव्हा ये.”

तिनं बोलावलं नाही. टिपूस पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात लागला. तिथं त्याला सगळे मिस्त्री म्हणायचे. काम बरं होतं, पंपाला गळू दिलं काय आणि गिळू दिलं काय, कुणाचा जीव जात नाही. संध्याकाळी तो खोलीवर यायचा आणि खिडकीतून समोर ताईच्या स्वयंपाकघरातला दिवा लागलेला बघायचा. कधी ती दिसायची, पाठमोरी, भांडी विसळताना. मग नळ बंद करायची, हात पुसायची, वळायची, आणि वळल्यावर नुसतीच उभी राहायची. सवय होती ती. समोर कुणी नसलं तरी सवय जात नाही. टिपूसला ते बघवायचं नाही, पण तो रोज बघायचा.

असे बरेच महिने गेले. पुन्हा थंडी आली. एका सकाळी ताईच्या शेजारीणबाई दुकानात येऊन उभ्या राहिल्या. “तुमच्या ताईंनी निरोप दिलाय. नळातून पाणी येतंय म्हणे.”

“नळातून पाणीच येणार,” टिपूस म्हणाला.

“मीही तेच म्हटलं. तर म्हणाल्या, असंच सांगा, त्याला कळेल.”

टिपूसला कळलं. नळ गळत होता. तो साधा शब्द ताईला आता तोंडातून काढता येत नव्हता. तो आधी हसला, आणि मग शेजारीणबाईंच्या देखत, हातात पंपाचं झाकण घेऊन, ढसाढसा रडला. इतक्या महिन्यांत त्याच्या डोळ्यांतून टिपूस निघाला तो तेव्हा पहिल्यांदा.

संध्याकाळी तो ताईकडे गेला. ताई बारीक झाली होती. तिनं त्याच्या हातांवरचे भाजल्याचे व्रण बघितले आणि नजर बाजूला केली. नळाचं वायसर झिजलं होतं, ते त्यानं बदललं. तेवढ्या वेळात ताईनं दोन ताटं मांडली होती. भात होता, बटाटे होते. तिनं एक ताट त्याच्यासमोर सरकवलं. बाहेर अंधारून आलं होतं.

“दिवा लाव जरा,” ताई म्हणाली.

टिपूसनं उठून बटण दाबलं. उजेड पडला. ताई दिव्याकडे बघत उभी राहिली.

“यांनी दवा आणली असती,” ती म्हणाली.

टिपूसला हसू आलं. मग ताईलाही आलं. दोघं हसले, थोडंसंच, आणि हसता हसता ताई एकदम गप्प झाली. तिच्या ओठांची काहीतरी हालचाल होत होती, एखादा शब्द जिभेवर उलटसुलट करून बघावा तशी. दिवा, दवा. मग तिचे ओठ थांबले.

ती वळून नळापाशी गेली. नळ सोडला, एक भांडं घेऊन विसळायला लागली. आणि पाणी चालू ठेवून, पाठ फिरवून, अगदी हळू आवाजात म्हणाली, “धाकट्या, तू गिळू देच म्हणाला होतास ना?”

टिपूसचे कान चांगले होते. पाण्याच्या आवाजातसुद्धा त्याला अक्षर न् अक्षर ऐकू आलं. हो म्हटलं असतं तर तो आत्ता या घरात पुन्हा धाकट्या होऊन बसला असता. आणि उद्यापासून ताई रोज या भांड्यांपाशी उभी राहून जिन्यातलं ते बोलणं आठवत बसली असती. त्यानं घास खाली ठेवला.

“काही म्हणालीस?” तो म्हणाला.

ताईचे हात थांबले. पाणी वाहत राहिलं. मग तिनं नळ बंद केला, पदराला हात पुसले, वळली आणि त्याच्याकडे तोंड करून उभी राहिली. तिचे डोळे भरून आले होते.

“नाही रे,” ती म्हणाली. “काही नाही. गिळ आता. गार होतंय.”